नोटीस घेण्यास नकार

सत्याहत्तर साली मी परभणीजवळच्या एका सूतगिरणीत टाइम ऑफिसला कारकून म्हणून लागलो. टाइम ऑफिस म्हणजे गेटाला लागून असलेली एक खोली आणि तिला जाळीची खिडकी. पाळीवर येणारा कामगार त्या खिडकीतून कार्ड द्यायचा, मी हजेरीपटावर खूण करायचो आणि कार्ड परत सरकवायचो. वडिलांची एका संचालकांशी सोयरीक होती, त्यातून ही नोकरी मिळाली होती. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही. आमचं घर पूर्णा तालुक्यातलं. काळी जमीन, कापूस, ज्वारी. आमच्या घरातला पगारावर जाणारा पहिला माणूस मी.

माझ्या खोलीमागेच कामगार अधिकाऱ्यांची खोली होती. बाहेर पाटी होती, ‘कामगार व आस्थापना विभाग’. कामगार त्याला नाव कापायचं खातं म्हणत. रजा नामंजूर झाली की तिथून, मेमो आला की तिथून, कामावरून कमी केलं की तिथून. त्या दाराशी कुणी आपणहून जात नसे.

मी लागल्यावर काही महिन्यांनी तिथे नवे अधिकारी आले. सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये त्यांनी बरीच वर्षं काढली होती. चाळिशीचे, बारीक अंगाचे, पूर्ण बाहीचा सदरा घालणारे. हसणं कमी, बोलणं त्याहून कमी. ते फार कुणाला आवडले नाहीत. आल्यावर त्यांनी दोनच गोष्टी बदलल्या. खोलीत खुर्च्या वाढवल्या आणि आत आलेल्या कामगाराला आधी बसायला सांगायला सुरुवात केली. जॉबर लोकांना, म्हणजे खात्यातल्या मुकादमांना, ते पटलं नाही. बसलेल्या माणसाला झापता येत नाही, अशी त्यांची तक्रार. दुसरी गोष्ट म्हणजे सहीला आलेल्या प्रत्येक कागदावर ते एक प्रश्न विचारत. “हे तुम्ही पाहिलं की ऐकलं?” ऐकलं म्हटलं तर कागद परत. सुरुवातीला आम्ही कारकून त्यावर हसायचो. मग सवयीने सगळे ‘पाहिलं’ असंच सांगू लागलो.

अठ्ठ्याहत्तरच्या जुलैअखेरीस विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. त्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. मी फक्त खिडकीतून जे दिसलं ते सांगतो. पहिले काही दिवस एसटी बंद होती, त्यामुळे निम्मी गिरणी रिकामी होती. गाड्या सुरू झाल्या तसे कामगार येऊ लागले. आठवड्याभरात हजेरीपट जवळजवळ भरला. तेरा नावांपुढे मात्र रेघ येत राहिली. ती तेरा नावं मला वेगळी काढावी लागली नाहीत, ती आपोआप वेगळी पडली. सगळे खेड्यापाड्यांतल्या बौद्धवाड्यांतले होते.

गिरणीचा नियम असा होता की दहा दिवसांपेक्षा जास्त कुणी न सांगता गैरहजर राहिला तर त्याला नोटीस द्यायची आणि उत्तर आलं नाही तर पटावरून नाव कमी करायचं. बाहेर बदली कामगारांची रांग होती. बदली म्हणजे रोज गेटावर यायचं, कुणी गैरहजर असला तर त्या दिवसापुरतं काम, नाही तर घरी परत. त्या रांगेत माझा चुलत भाऊ दीड वर्ष उभा होता. आमच्या घरात जेवताना तोच विषय असायचा. काका विचारायचे, “तू आत बसतूस ना रं? मग त्येचं काई व्हायना कामून?”

अकराव्या दिवशी मॅनेजरनी आमच्या साहेबांना, म्हणजे त्या नव्या अधिकाऱ्यांना, बोलावलं. मी फाइल घेऊन मागे उभा होतो.

मॅनेजर म्हणाले, “तेरा जागा आहेत. संचालकांचे फोन येतायत. नोटिसा काढा आणि मोकळं करा.”

“काढतो,” साहेब म्हणाले. “पण नोटीस माणसाच्या हातात पडली पाहिजे. पोस्टानं पाठवून भागणार नाही.”

“का नाही भागणार? नेहमी पोस्टानंच जाते.”

“नेहमी पत्त्यावर घर असतं.”

मॅनेजरनी पुढचा कागद ओढला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना आपल्या टेबलावरचा विषय संपवायचा होता, इतकंच.

साहेबांनी नोटीस स्वतः लिहिली. नेहमीच्या नोटिशीत ‘आपण विनापरवानगी गैरहजर आहात, खुलासा करावा’ असं असे. यांनी लिहिलं, ‘आपण कामावर येऊ शकलेला नाहीत. कारण कळवावे. सोबत रजेचा अर्ज जोडला आहे, तो भरून दिल्यास रजा धरली जाईल.’ प्रत्येक नोटिशीला कोरा अर्ज टाचून त्यांनी तो गठ्ठा मला दिला. हातात द्यायची, सही किंवा अंगठा घ्यायचा, माणूस भेटला नाही तर तसं लिहायचं, ज्याने सांगितलं त्याचंही नाव लिहायचं. “घाई नाही,” ते म्हणाले. “आठ दिवस लागले तरी चालतील.”

मी पाच दिवसांत बारा नोटिसा दिल्या. एसटीनं जायचं, पुढे चालायचं. एका गावात वस्तीतली माणसं शाळेच्या व्हरांड्यात राहत होती. दुसऱ्या गावातली पाहुण्यांकडे परभणीला येऊन राहिली होती. त्यांचा पत्ता मला त्यांच्या गावी जाऊन कळला आणि मी पुन्हा परभणीला आलो. एका ठिकाणी चार भिंती होत्या, वर काही नव्हतं. एक बाई दगड मांडून भाकरी करत होती. मी कागदावरचं नाव वाचून विचारलं, हे घर त्यांचंच का?

“हौ, हेच हाय,” ती म्हणाली. “ह्या पत्त्यावर आलाव ना? पत्ता हाय. घर न्हाई.”

तिचा नवरा रानात गेला होता. तिने अंगठा द्यायच्या आधी विचारलं, “ह्यात काय लिवलंय?” मी वाचून दाखवलं. रजेच्या अर्जाचं वाचल्यावर तिने मला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग शाईच्या डबीवर अंगठा टेकवला. दोन जणांनी माझ्या हातून कागद घेतला नाही. त्यातल्या एकाने माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं. तो म्हणाला, “मग खाली ठिवा कागद. मी उचलतो.” मी कागद दगडावर ठेवला, त्याने उचलून सही केली. मला राग आला होता हे आठवतं. कशाचा, हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

तेरावी नोटीस ताडकळसच्या रस्त्यावरच्या एका गावची होती. रिंग फ्रेम म्हणजे सूत कातायच्या खात्यात मशीनची एक साइड सांभाळणारा माणूस, सहा वर्षं नोकरी झालेला. फाट्यावर उतरून आत अर्धा कोस चालायचं होतं. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता. काळ्या मातीचा रस्ता, पाय टाकला की चप्पल तिथेच. फाट्यावर चहाचं हॉटेल होतं आणि तिथे त्याच गावचे दोन शेतकरी बसले होते. त्यांतले एक आमच्या दूरच्या नात्यातले निघाले. त्यांनी मला बसवलं, चहा सांगितला, घरच्यांची विचारपूस केली. मग कशाला आलास ते विचारलं. मी सांगितलं.

“त्ये हाय कुठं तिथं? गेले सगळे. आन् असला तरी घेनार हाय का तुझा कागद? लय ताठलेत. लिवून टाक, नको म्हनला म्हून. आमी सही करताव.”

मी चहा संपवला. चप्पल बघितली. परत जाणारी गाडी पंधरा मिनिटांत होती, त्यानंतरची संध्याकाळी. मी पेन काढून लिहिलं, ‘दि. अमुक रोजी सदर इसमास त्याच्या गावी समक्ष भेटलो. नोटीस घेण्यास नकार दिला.’ त्या दोघांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या.

मी हे भावासाठी लिहिलं का? पुढे अनेक वर्षं मी स्वतःला हे विचारलंय. लिहिताना माझ्या डोक्यात गाडीची वेळ होती आणि चिखल होता, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. पण तेराव्या जागेवर कोण येणार हे मला माहीत नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. बदली कामगारांची यादी माझ्याच अक्षरात होती.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तेराही अहवाल एकेक करून वाचले. शेवटच्यापाशी थांबले.

“बाकीच्यांनी घेतली, दोघांनी कुरकुर करून का होईना घेतली. यानंच का नाही घेतली?”

“नाही म्हणाला साहेब.”

“तुम्ही पाहिलं की ऐकलं?”

“पाहिलं.”

त्यांनी सही केली. आठ दिवसांनी नियमाप्रमाणे त्या माणसाचं नाव पटावरून कमी झालं आणि त्याच्या जागेवर माझा चुलत भाऊ कायम झाला. काकांनी घरी पेढे वाटले. आईनं मला जास्तीचा पेढा दिला.

बाकीचे बारा जण दोन-तीन आठवड्यांत एकेक करून परत आले. प्रत्येकाच्या पहिल्या दिवशी साहेब पाळी सुरू होताना गेटावर उभे राहत. बोलत काही नसत, त्याच्याबरोबर खात्यापर्यंत चालत जात आणि त्याच्या नेहमीच्या मशीनवर त्याला उभा करून परत येत. एका जॉबरने एकाला मशीनवरून काढून कापसाचा कचरा उचलायला लावलं. साहेबांनी जॉबरला खोलीत बोलावलं, त्यालाही बसायला सांगितलं, आणि असं का केलं ते लिहून मागितलं. जॉबर तासभर कोऱ्या कागदापुढे बसला. त्याला लिहिण्याजोगं कारण सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कामगार आपल्या मशीनवर होता. मी हे सगळं जाळीमागून पाहत होतो आणि कौतुकानं घरी सांगतही होतो.

दसऱ्यानंतर एका सकाळी भोंगा होऊन गेल्यावर खिडकीशी एक माणूस आला. दाढी वाढलेली, हातात पिशवी. त्याने कार्ड पुढे केलं. मी नाव वाचलं.

“भाऊ, कामावर आलोय. कार्ड लावून घ्या.”

“तुमचं नाव कमी झालंय,” मी म्हणालो.

“कामून?”

“नोटीस दिली होती. तुम्ही घेतली नाही.”

त्याने कार्ड तसंच पुढे धरलं. “मला कुनी दिली नोटीस? कोन भेटलं म्हनं मला?”

खिडकीच्या त्या बाजूला तो आणि या बाजूला मी. मधे जाळी. मला एवढंच सुचलं, “साहेबांना भेटा.”

साहेबांनी त्याला बसवून सगळं ऐकून घेतलं. दार उघडं होतं, मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. वस्तीला आग लागली त्या रात्री त्याची आई भाजली. बैलगाडीतून आणि मग ट्रकमधून त्याने तिला परभणीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. तेव्हापासून तो तिथेच होता. घरात दुसरं करतं माणूस नव्हतं. दोन-अडीच महिने त्याने गावात पाऊल ठेवलं नव्हतं. आई आठवड्यापूर्वी घरी, म्हणजे पाहुण्यांच्या घरी, गेली. आता तो कामावर आला होता. दवाखाना गिरणीपासून सायकलनं वीस मिनिटांवर होता.

“कळवलं का नाही?” साहेबांनी विचारलं.

“तिला सोडून कसा येऊ साहेब? आन् वाटलं, समद्या मुलखाला मालूम हाय काय झालंय. गिरनीला मालूम नसंल का?”

साहेबांनी फाइल मागवली. मी नेऊन दिली. त्यांनी अहवाल वाचला, तारीख बघितली, माझ्याकडे बघितलं नाही. त्या माणसाला म्हणाले, “तुम्ही बाहेर बसा. मी येतो.” आणि सायकल काढून निघून गेले.

माझ्या खोलीतल्या बाकावर तो दीड तास बसला. मी हजेरीपटावर मान खाली घालून काम करत असल्यासारखं करत होतो. पाण्याचा माठ माझ्या टेबलामागे होता. त्याने पाणी मागितलं नाही, मी दिलं नाही. त्याला माहीत नव्हतं की तो अहवाल मी लिहिलाय. एकदा त्याने मला विचारलं, “ह्या कामाला साहेब लोकं कुनाला धाडतात वो?” मी म्हणालो, “कारकून जातो.” तो म्हणाला, “मग त्येनं दुसऱ्याच कुनाला तरी इचारलं आसंल.” तो माझ्या बाजूनं कारण शोधत होता. मी पटाचं पान उलटलं.

साहेब परत आले ते घामाने भिजून. दवाखान्यात त्यांनी नोंद पाहिली होती आणि वॉर्डातल्या परिचारिकेशी बोलले होते. आम्हा दोघांना त्यांनी आत बोलावलं. दोघांनाही खुर्च्या दिल्या. अहवाल टेबलावर माझ्यापुढे ठेवला.

“हे तुम्ही पाहिलं की ऐकलं?”

आतापर्यंत मी त्या प्रश्नाला शंभर वेळा तरी उत्तर दिलं असेल.

“ऐकलं,” मी म्हणालो.

तो माणूस वळून माझ्याकडे बघू लागला. शिवी देईल, उठेल असं मला वाटलं. त्याने शांतपणे विचारलं, “तुमी फाट्यापतुर आलते का?”

“हो.”

“फाट्यावरनं आमची वस्ती दिसती. लिंबाच्या अलीकडं. दिसली न्हाई का?”

मी त्या बाजूला बघितलंच नव्हतं. तेही मी सांगितलं.

साहेबांनी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगून पाठवलं. मला म्हणाले, “हे तुम्ही तुमच्या हातानं लिहून देऊ शकता. लिहिलंत तर तुमच्यावर मेमो निघेल, कदाचित नोकरीही जाईल. नाही लिहिलंत तर मी दवाखान्याच्या नोंदीवर प्रकरण नेईन, पण ते लोंबकळत राहील. ते सह्या केलेले दोघं आपलं म्हणणं सोडणार नाहीत. त्या माणसाला वर्षभर फेऱ्या घालाव्या लागतील. मी तुम्हाला लिहा असं सांगत नाही. काय होईल तेवढं सांगतोय.”

मी लिहिलं. धैर्यानं लिहिलं असं वाटू नये. त्या खोलीतून बाहेर पडण्याचा मला दुसरा रस्ता दिसत नव्हता. ‘सदर इसमास मी भेटलो नाही. फाट्यावरील दोन व्यक्तींच्या सांगण्यावरून अहवाल लिहिला.’ दोन वाक्यं लिहायला मी तीन कागद वाया घालवले.

मग साहेबांनी स्वतःही एक कागद लिहिला. ‘कारकुनाच्या अहवालाची खातरजमा न करता मी नाव कमी करण्याच्या आदेशावर सही केली.’ खाली सही केली आणि मला म्हणाले, “एक प्रत माझ्या फाइलला लावा.” अधिकाऱ्याने आपल्या चुकीचा कागद आपल्याच फाइलला लावलेला मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही क्वचितच पाहिला.

मॅनेजर चिडले. “हे सगळं कागदावर कशाला आणलंत? त्याला बदलीवर घेऊ. उद्यापासून येऊ दे. दोन वर्षांत होईल कायम. कुणाचंच नुकसान नाही.”

“त्याची सहा वर्षं जातात,” साहेब म्हणाले.

“आणि जो आज त्या जागेवर आहे त्याचं काय? तो संचालकांच्या नात्यातला आहे, माहीत आहे ना? हा तुमचा कारकूनही त्यांचाच.”

“माहीत आहे. म्हणूनच कागदावर पाहिजे.”

प्रकरण संचालक मंडळापुढे गेलं. बैठकीच्या दिवशी साहेबांना बाहेरच्या बाकावर पाच तास बसवून ठेवलं. आत बोलावलं ते दहा मिनिटांसाठी. आत काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. चहा नेणाऱ्या शिपायानं नंतर सांगितलं ते असं की एका संचालकांनी विचारलं, तुम्ही एवढं कुणाच्या बाजूचे? आणि साहेब म्हणाले, हजेरीपटाच्या. हे त्यांनी खरंच म्हटलं की शिपायानं रचलं, मला माहीत नाही. मी ऐकलंय.

निकाल मात्र कागदावर आला. त्या माणसाला त्याच्या जुन्या नोकरीसह परत घेतलं. गैरहजेरी रजा धरली. माझा चुलत भाऊ पुन्हा बदलीत गेला. मला आठ दिवस घरी बसवलं आणि लेखी ताकीद दिली. नोकरी वाचली ती सोयरिकीमुळे, याबद्दल मला शंका नाही. तशीच चूक त्या तेरा जणांपैकी कुणी केली असती तर ती आठ दिवसांवर भागली नसती.

घरी ते आठ दिवस कठीण गेले. काका ओसरीवर येऊन वडिलांना म्हणाले, “ह्यानं सवताच्या हातानं लिवून दिलं. कुनी जबरी केली न्हाई, काही न्हाई. आपल्याच माणसाचं ताट वढलं.” काका गेल्यावर वडिलांनी मला विचारलं, “तू तितं गेलताच न्हाईस का?” मी नाही म्हणालो. ते म्हणाले, “चिखल व्हता म्हनून?” मी हो म्हणालो. त्यांनी पागोटं डोक्यावर घातलं आणि रानात निघून गेले. आयुष्यभर चिखल तुडवलेल्या माणसाला ते कारण ऐकून काय वाटलं असेल, ते मी विचारलं नाही. चुलत भावाने त्या वर्षापासून माझ्याशी बोलणं टाकलं. तो पुढे दीड वर्षाने रीतसर कायम झाला, तरी त्याच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी वडिलांच्या नावानं आली, त्यात माझं नाव नव्हतं.

साहेब पुढच्या वर्षी गेले. त्यांचा करार वाढवला नाही. याच प्रकरणामुळे, असं मी म्हणणार नाही. त्यांनी त्या वर्षात आणखीही माणसं दुखावली होती. निघताना त्यांनी मला काही उपदेश केला नाही. किल्ल्या दिल्या, कोणत्या कपाटात काय आहे ते सांगितलं, आणि स्टेशनवर सोडायला येऊ नका म्हणाले.

मी त्याच खात्यात राहिलो. पंचाऐंशीच्या सुमारास त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसलो. तोपर्यंत वरून नवे शब्द यायला लागले होते. पुण्याहून कुणी तज्ज्ञ येऊन दोन दिवसांचं शिबिर घ्यायचे, मूल्यं आणि संस्कृती वगैरे फळ्यावर लिहायचे. मी पहिल्या बाकावर बसून टिपणं घेत असे. ते काही चुकीचं सांगत नव्हते. मला फक्त एवढं माहीत होतं की गिरणीत एखाद्याशी नीट वागलं जातं की नाही, ते फळ्यावर ठरत नाही. ते ठरतं फाट्यावर, चहा पिताना, गाडीला पंधरा मिनिटं असताना. आणि तिथे बघायला कुणी नसतं. मी काही नियम घातले. ज्याच्याविषयी अहवाल, त्याचं म्हणणं सोबत असल्याशिवाय कागद पुढे जाणार नाही. नाव कमी करायच्या आधी अधिकारी स्वतः एकदा त्या माणसाला भेटेल. बहुतेक वेळा ते पाळले गेले. एकदा माझ्याकडूनच पाळले गेले नाहीत, एका वॉचमनच्या बाबतीत, आणि ते दुरुस्त होईपर्यंत तो जिवंत राहिला नाही. ती गोष्ट वेगळी आहे, पण ती मी लपवत नाही.

तो माणूस आणि मी एकाच गिरणीत पुढे पंधरा वर्षं होतो. आमची मैत्री झाली नाही. होईल अशी अपेक्षाही दोघांना नव्हती. कामापुरतं बोलणं. परत आल्यानंतर महिन्याभराने तो एकदा खिडकीशी आला होता.

“तुमी लिवून दिल्याली नक्कल पायजे.”

“कशाला?”

“साहेब हायत तवर ठीक हाय. ते गेल्यावर कुनी काडलं तर दावायला.”

मी माझ्याच कबुलीची नक्कल काढून, गिरणीचा शिक्का मारून त्याला दिली. त्याने ती नीट वाचली, दोन ठिकाणी अक्षर लागत नव्हतं ते विचारून घेतलं, मग घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. आभार मानले नाहीत. मानायचं काही कारणही नव्हतं.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलावर रजेच्या अर्जांचा गठ्ठा आला. बहुतेकांनी कारण लिहिलं होतं ‘घरगुती काम’. सगळ्यांचं घरगुती काम एकाच तारखेला होतं. एकाच अर्जावर कारण सरळ लिहिलेलं होतं, ‘औरंगाबादला विद्यापीठाच्या गेटवर जायचे आहे.’ तो त्याचा अर्ज होता. अक्षर मुलीचं असावं, सही त्याची.

रिंग फ्रेमचा नवा जॉबर तणतणत आला. “साहेब, एवढ्या रजा मंजूर केल्या तर माझ्या मशीन कोण चालवणार? निम्म्यांच्या तरी नामंजूर करा.”

“कोणत्या निम्म्यांच्या?” मी विचारलं.

त्याने गठ्ठा हातात घेतला, चाळला, आणि परत ठेवला. मी त्याच्यासमोर सगळ्या अर्जांवर सह्या केल्या. बदली कामगार बोलावले, तरीही दुसऱ्या दिवशी चार मशीन बंद राहिल्या. मॅनेजरनी लेखी खुलासा मागितला. मी लिहिलं की रजा नियमात होत्या, अर्ज वेळेत आले होते, कारणं मी वाचली होती.

दोन दिवसांनी तो पाळीवर आला. खिडकीशी आता दुसरा कारकून बसत असे. मी त्याच वेळी गेटातून आत येत होतो. मी विचारलं, “झालं का जाऊन?”

“झालं,” तो म्हणाला. “लय गर्दी व्हती. गेटापतुर गेलो न्हाई. लांबनंच बघितलं.”

मग भोंगा झाला आणि तो खात्यात गेला.